साथीदारांचा बँड: प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी

पडवी (धागाकर्ता)

ऑक्टोबर लागला की मिलानच्या पूर्वेकडील सपाट प्रदेशात सकाळी धुके जमिनीला चिकटून बसते. नोकरीच्या निमित्ताने मी त्या भागात सहा वर्षे काढली. तिथल्या एका वयस्क सहकाऱ्याच्या गाडीतून कारखान्यात जात असताना एके दिवशी रेडिओवर एक गाणे लागले. सुरुवातीला साधी गिटार आणि तिच्यावर जवळजवळ पुटपुटल्यासारखा आवाज होता. सहकारी मुकाट ऐकत होता. कडवी संपून जिथे ध्रुवपद यायला हवे, तिथे गायक थांबला आणि एका वाद्याचा भलामोठा, गळ्यातून आल्यासारखा स्वर उसळला. त्यासरशी तो साठीचा गृहस्थ स्टिअरिंगवर बोटे आपटत ती धून मोठ्याने गाऊ लागला. ध्रुवपदाला शब्दच नव्हते, त्यामुळे दुसऱ्या वेळी तो भाग आला तेव्हा मलाही सामील होता आले.

ते गाणे होते ‘इम्प्रेस्सिओनी दी सेत्तेम्ब्रे’ आणि ते वाजवणारा बँड ‘प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी’. इटलीत त्याला सगळे ‘पी-एफ्फे-एम्मे’ म्हणतात. आपण सोयीसाठी पीएफएम म्हणू. मराठीत या बँडविषयी फारसे काही वाचायला मिळाले नाही, म्हणून हा धागा काढत आहे. जाणकारांनी भर घालावी, चुका दाखवाव्यात.

प्रथम नावाविषयी. ब्रेशा जिल्ह्यातील क्यारी या गावी ‘फोर्नेरिया मार्कोनी’ नावाची एक बेकरी होती. बँडचा व्हायोलिन व बासरीवादक माउरो पगानी हा त्याच गावचा. ‘प्रेमियाता’ म्हणजे पारितोषिकप्राप्त. आपल्याकडे जुन्या मिठाईवाल्यांच्या पाटीवर ‘सुवर्णपदक विजेते’ असे लिहिलेले असते, तसाच हा प्रकार. ‘सुवर्णपदक विजेते अमुक बेकरीवाले’ असे नाव घेऊन रॉक संगीत वाजवायला उभे राहण्यातला मिश्कीलपणा भाषांतरात निम्मा हरवतो, पण ध्यानात ठेवावा असा आहे.

आता मूळ मुद्दा. हा बँड एकत्र आला तो साथीदारांचा. १९६० च्या दशकात मिलानमध्ये ‘ई क्वेल्ली’ नावाचा एक वाद्यसमूह होता. फ्रान्झ दी चोच्चो ड्रम, फ्रांको मुस्सीदा गिटार, फ्लाव्यो प्रेमोली कीबोर्ड आणि जॉर्ज्यो पियात्सा बास वाजवत असे. स्वतःच्या नावावर त्यांनी थोडीफार गाणी केली, पण त्यांचा खरा लौकिक होता तो स्टुडिओत. लुच्यो बात्तिस्ती, मीना, आद्रियानो चेलेंतानो अशा त्या काळच्या मोठ्या गायकांच्या ध्वनिमुद्रणात हे लोक वाजवत. १९७० साली फाब्रित्स्यो दे आंद्रे या जेनोआच्या कवी-गायकाने ‘ला बुओना नोव्हेल्ला’ हा अल्बम काढला. बायबलात समाविष्ट न झालेल्या शुभवर्तमानांवर आधारलेल्या त्या गाण्यांची साथही याच मंडळींची होती. दे आंद्रेचे नाव लक्षात ठेवावे, कारण नऊ वर्षांनी तो पुन्हा येणार आहे.

पगानी सामील झाल्यावर या चौघांना स्वतःचे संगीत करण्याची ओढ लागली. इंग्लंडमधून नव्या धर्तीचे, लांबलचक रचनांचे, ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणजे प्रगतिशील म्हणवले जाणारे रॉक येऊ लागले होते आणि आरंभीच्या काळात हे लोक मैफिलींतून किंग क्रिमसन या इंग्लिश बँडचे ‘ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन’ हुबेहूब वाजवून दाखवत. १९७१ मध्ये व्हियारेज्योच्या नवसंगीत महोत्सवात त्यांना मिया मार्तिनी आणि ओसान्ना यांच्यासह विभागून पहिले पारितोषिक मिळाले, तेव्हा नावातले ‘प्रेमियाता’ही खरे झाले. त्याच वर्षी पहिली तबकडी आली. तिच्या एका बाजूला ‘ला कारोत्सा दी हान्स’ होते आणि दुसऱ्या बाजूला वर सांगितलेले सप्टेंबरचे गाणे.

या गाण्यापाशी थोडे थांबतो. शब्द मोगोल या गीतकाराचे; बात्तिस्तीची असंख्य गाणी त्यानेच लिहिली. पहाटे एक माणूस शेतातून चालला आहे, भोवती दवबिंदू आहेत, तो सूर्य शोधतो पण सूर्य नाही. मातीचा वास, कुरणाकडे मान लांबवणारा एक घोडा, आणि ‘मी कोण’ हा प्रश्न. उत्तर कुठेच येत नाही. शेवटी धुक्यातून ऊन झिरपू लागते, दिवस नेहमीसारखाच उगवणार असे गायक म्हणतो, आणि तिथे शब्द संपून मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर स्वर निर्माण करणारे पट्ट्यांचे वाद्य, सुरू होतो. त्या काळी इटलीत हे वाद्य बहुतेकांनी ऐकलेच नव्हते. गाणे जिथे सगळ्यात जास्त सांगणार अशी अपेक्षा असते, नेमक्या तिथे कवीला गप्प बसवून वाद्याच्या हाती गाणे देण्याची ही कल्पना साथीदारांनाच सुचावी अशी आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शब्दांमधल्या मोकळ्या जागा भरणाऱ्यांना मोकळ्या जागेची किंमत ठाऊक असते.

१९७२ च्या जानेवारीत ‘स्तोरिया दी उन मिनुतो’ आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ‘पेर उन अमीको’ असे दोन अल्बम मोगोल-बात्तिस्ती यांच्या ‘नुमेरो ऊनो’ कंपनीने काढले. माझ्या मते बँडचे सर्वोत्तम काम या दोन तबकड्यांत आहे. पहिलीत ‘ए फेस्ता’ हे जत्रेतल्या नाचासारखे धावते गाणे आहे आणि त्याच्या शेजारीच ‘दोव्हे... क्वांदो...’सारखे अत्यंत हळुवार, बासरीच्या आधाराने चालणारे गाणे आहे. दुसरी अधिक गुंतागुंतीची आहे. ‘अप्पेना उन पो’ची सुरुवात ऐकताना आपण रॉक संगीत ऐकत आहोत हे एक-दीड मिनिट कळतच नाही, एखाद्या जुन्या वाड्यात चार माणसे दबक्या आवाजात वाजवत बसली आहेत असे वाटते.

इमर्सन, लेक अँड पामर या इंग्लिश त्रयीने ‘मँटिकोर’ ही स्वतःची कंपनी काढली होती. ग्रेग लेकला पीएफएमचे संगीत आवडले आणि त्याने त्यांना करारबद्ध केले. इंग्रजी गीते लिहिण्यासाठी गीतकार पीट सिनफील्डला बोलावण्यात आले. ज्या ‘स्किझॉइड मॅन’ची हे लोक मिलानमध्ये नक्कल करत, ते गाणे लेकने गायले होते आणि त्याचे शब्द सिनफील्डचे होते! १९७३ मध्ये ‘फोटोज ऑफ घोस्ट्स’ आला, त्याच ऑगस्टमध्ये त्यांनी इंग्लंडमधील रेडिंगच्या महोत्सवात वाजवले, आणि अमेरिकेतल्या लोकप्रिय अल्बमच्या बिलबोर्ड यादीत हा अल्बम १८० व्या स्थानापर्यंत गेला. आकडा लहान दिसतो, पण त्याआधी कोणत्याही इटालियन रॉक बँडला ते दार उघडलेले नव्हते. १९७४ मध्ये ‘लीसोला दी निएन्ते’ आणि त्याचे इंग्रजी रूप ‘द वर्ल्ड बिकेम द वर्ल्ड’ निघाले. बासवर आता पियात्साऐवजी मूळचा फ्रेंच पात्रिक जिवास होता. त्याच वर्षीच्या अमेरिका दौऱ्यातील मैफिलींचा अल्बम इटलीत ‘लाइव्ह इन यूएसए’ आणि अमेरिकेत ‘कुक’ या नावाने आला.

त्यानंतरचा काळ मी भराभर सांगतो. बेर्नार्दो लान्झेत्ती हा गायक आला आणि १९७५ मध्ये ‘चॉकलेट किंग्ज’ हा संपूर्ण इंग्रजी अल्बम निघाला. त्याच्या मुखपृष्ठावर अमेरिकेच्या झेंड्यात गुंडाळलेली चॉकलेटची वडी होती. ज्या बाजारपेठेत पाय रोवायचा, तिच्याच झेंड्याची ही थट्टा. पुढे पगानी बाहेर पडला. १९७७ चा ‘जेट लॅग’ जॅझकडे झुकलेला, सफाईदार, आणि मला विचाराल तर कोरडा आहे. १९७८ च्या ‘पास्पार्तू’त मंडळी पुन्हा इटालियनकडे वळली.

आणि मग दे आंद्रे. १९७८ मध्ये तो सार्डिनियात शेती करत होता. रंगमंचाची त्याला इतकी धास्ती होती की पहिला दौरा त्याने १९७५ मध्ये, म्हणजे पहिल्या तबकडीनंतर दीड दशकाने केला. पीएफएमने त्याच्यापुढे एकत्र दौऱ्याचा प्रस्ताव ठेवला आणि तो तयार झाला. २१ डिसेंबर १९७८ रोजी फोर्लीमध्ये सुरुवात झाली. १९७९ च्या जानेवारीत फ्लोरेन्स आणि बोलोन्या येथे ध्वनिमुद्रण झाले आणि त्याचे दोन खंड १९७९ व १९८० मध्ये आले. एकट्या गिटारवर उभी असलेली ती गाणी पीएफएमने सोलून पुन्हा बांधली. ‘इल पेस्कातोरे’ आज इटलीत कोणीही म्हणायला घेतले तर ते या दौऱ्यातल्या चालीनेच म्हणतो. १९७० ची मूळ तबकडी मुद्दाम शोधून ऐकावी लागते.

दहा वर्षांत हे लोक साथीदारांचे बँड झाले, बँडचे जगप्रवासी झाले आणि अखेर पुन्हा एका कवीमागे साथीला उभे राहिले. त्यांचे सगळ्यात टिकाऊ काम या दोन टोकांना आहे, मधल्या जगप्रवासात कमी आहे, असे माझे मत आहे. वाद घालायला मोकळीक आहे.


पाचवी काळी

लेख आवडला. मी हार्मोनियम आणि कीबोर्ड दोन्ही वाजवतो, म्हणून त्या मूगबद्दल चार शब्द.

मिनीमूग हे वाद्य एका वेळी एकच स्वर वाजवू शकते. तुम्ही चार पट्ट्या एकदम दाबल्या तरी स्वर एकच निघणार. ऑर्गन वाजवणाऱ्याला ही मोठीच अडचण वाटते, पण गळा तरी एका वेळी दुसरे काय करतो? शिवाय त्यात एक खटका असा असतो की एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली वाट घसरत पार करता येते. हार्मोनियमवर मींड निघत नाही, हे आपले जुने दुखणे आहे; या यंत्रावर ती निघते. प्रेमोलीने त्या ध्रुवपदात करामत अशी काहीच केलेली नाही. धून इतकी साधी आहे की शाळकरी मूल दोन दिवसांत बसवेल. पण तो स्वर सोडताना घाई करत नाही, आणि खालून मेलोट्रॉनची, म्हणजे फितीवर मुद्रित केलेल्या तंतुवाद्यांची, भिंत उभी राहत जाते. त्यामुळे ऐकणाऱ्याला तो स्वर माणसाचा वाटतो. तुमचे सहकारी जे गात होते ते वाद्याचे अनुकरण नव्हते; मला वाटते, त्यांच्या कानाला ते गाणेच होते.


तिरकस

मी या संगीतप्रकाराचा भक्त नाही, हे आधीच सांगतो. रचना अठरा मिनिटांची झाली म्हणजे ती अठरा मिनिटे सांगण्याजोगे काही तिच्यात आहे असे नव्हे. धागा वाचून ‘कुक’ ऐकला. त्यात एका लांब वादनाच्या ओघात व्हायोलिनवाला अचानक रोस्सीनीच्या ‘विल्यम टेल’मधली घोडदौड वाजवू लागतो आणि लोक बेभान होऊन ओरडतात. ही करमणूक आहे, आणि करमणुकीला माझा विरोध नाही. पण मग तिला ‘प्रगतिशील’ कशासाठी म्हणायचे?

दुसरे असे, की दे आंद्रेबरोबरच्या कामाचे श्रेय तुम्ही बँडला फार सढळ हाताने देत आहात. गाणी त्याची, शब्द त्याचे, आवाज त्याचा. चांगला शिंपी कपडा नीट शिवतो, म्हणून अंगकाठी काही त्याची होत नाही.


पडवी (धागाकर्ता)

@तिरकस, ‘विल्यम टेल’बद्दल मी तुमच्याशी वाद घालणार नाही. परदेशी श्रोत्यांपुढे ‘आम्ही इटलीचे’ हे दोन मिनिटांत पटवायचे असेल तर रोस्सीनी हाताशी असतो, आणि त्यांनी तो सोपा मार्ग घेतला.

शिंप्याचा दाखला मात्र मला पटला नाही. ‘आमीको फ्राजिले’ हे गाणे १९७५ च्या मूळ अल्बममध्ये ऐका. एका मेजवानीत एकटा पडलेला, प्यायलेला माणूस मनातल्या मनात बोलत राहतो आणि गाणे तसेच, त्याच स्वगताच्या ओघात संपते. आता १९७९ ची मैफल ऐका. शब्द तेच आहेत, दे आंद्रेही जवळजवळ तसाच गातो. पण तो थांबल्यावर मुस्सीदाची इलेक्ट्रिक गिटार सुरू होते, आणि त्या माणसाला जे मेजवानीत कुणाला सांगता आले नाही, ते ती गिटार सांगून टाकते. सप्टेंबरच्या गाण्यात मूगने जे केले तेच इथे आठ वर्षांनी गिटारने केले आहे. ही काटछाट नाही, यात नवीन कापड आहे. ही मांडणी दे आंद्रेने पुढेही सोडली नाही. स्वतःच्या नंतरच्या मैफिलींत यांपैकी कितीतरी गाणी तो पीएफएमच्याच बांधणीत गात राहिला.


नाव्हील्यो

मी गेली अकरा वर्षे मिलानमध्ये आहे. वरच्या चर्चेत त्या काळच्या इटलीची परिस्थिती आलेली नाही, ती मांडतो, कारण तिच्याशिवाय दे आंद्रेच्या दौऱ्याचे महत्त्व कळणार नाही.

५ जुलै १९७१ रोजी मिलानच्या व्हिगोरेल्ली सायकल-मैदानात लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडचा कार्यक्रम होता. बाहेर निदर्शक आणि पोलीस यांची जुंपली, अश्रुधूर मैदानात शिरला आणि कार्यक्रम अर्ध्यावर बंद पडला. पुढच्या काही वर्षांत हे वारंवार घडू लागले. संगीत जनतेचे आहे, त्याला तिकीट असता कामा नये, असे म्हणत तरुणांचे गट दारे फोडून आत शिरत. १९७५ मध्ये लू रीड या अमेरिकन गायकाच्या कार्यक्रमांत दंगल झाली, त्यानंतर बहुतेक परदेशी कलावंतांनी काही वर्षे इटलीकडे पाठ फिरवली. १९७६ मध्ये मिलानच्याच लांब्रो उद्यानातला तरुणांचा महोत्सव मारामारी आणि लुटालुटीत बुडाला. रस्त्यांवर बाँब आणि गोळीबार चालू होते. १९७८ च्या मे महिन्यात माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचा अपहरणानंतर खून झाला.

या वातावरणात मोठ्या सभागृहांतून कवी-गायक आणि रॉक बँड यांनी एकत्र दौरा करणे हा धंद्याच्या दृष्टीने जुगार होता. त्यातच दोन्हीकडचे श्रोते परस्परांकडे संशयाने पाहत. कवीचे चाहते म्हणत, शब्द गोंगाटात बुडतील. बँडचे चाहते म्हणत, आपली माणसे गिटारवाल्या पोएटच्या मागे कशाला? दोघांनाही एका छताखाली बसवून हा दौरा पार पडला, याचे इथल्या जुन्या लोकांना अजून अप्रूप आहे.

३ जानेवारी १९७९ रोजी जेनोआत झालेल्या कार्यक्रमाचे चित्रण प्येरो फ्रात्तारी यांनी केले होते. त्याच्या फिती चार दशके कुणाला ठाऊक नव्हत्या. त्या सापडल्यावर रोमचे माजी महापौर वाल्तेर व्हेल्त्रोनी यांनी त्यांवरून माहितीपट केला आणि २०२० च्या फेब्रुवारीत तो चित्रपटगृहांत लागला. मी पाहिला. चित्र धूसर आहे, कॅमेरा बराच वेळ एकाच जागी असतो. पण ‘व्होल्ता ला कार्ता’च्या वेळी लुच्यो फाब्रीचे व्हायोलिन वेग घेऊ लागते, तेव्हा खुर्चीवर बसलेला दे आंद्रे मान खाली घालून चक्क हसताना दिसतो. रंगमंचाला घाबरणारा माणूस असे हसत नसतो.


अनवट

पीएफएमला सगळे श्रेय देऊन मोकळे होण्याची सवय इटलीबाहेर आहे, आणि त्याचे कारण मँटिकोरचा करार हेच आहे. माझ्या लेखी त्या पिढीतला सर्वश्रेष्ठ बँड रोमचा ‘बांको देल मूतुओ सोक्कोर्सो’ होय. नोचेन्ती बंधूंचे दोन कीबोर्ड आणि फ्रांचेस्को दी जाकोमोचा आवाज! १९७२ चा ‘डार्विन!’ हा उत्क्रांतीवरचा अल्बम ऐकला की पीएफएमच्या गायनातली उणीव लगेच जाणवते. लान्झेत्ती येईपर्यंत त्यांच्याकडे गायक म्हणावा असा कोणी नव्हताच. वादकच वेळ पडेल तसे गात. बांकोलाही मँटिकोरने घेतले, त्यांचाही इंग्रजी अल्बम १९७५ मध्ये निघाला, पण दी जाकोमोसारखा ऑपेराच्या वळणाचा गळा इंग्रजीत कोमेजला.

जिवास ज्या ‘आरेआ’मधून पीएफएममध्ये आला, त्या बँडचाही उल्लेख हवा होता. १९७३ च्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये बास त्याचाच आहे. आरेआचा गायक देमेत्र्यो स्त्रातोस गळ्यातून असे काही काढत असे की त्याला गाणे म्हणावे की प्रयोग, हा प्रश्न पडावा. १९७९ च्या जूनमध्ये तो ३४ व्या वर्षी गेला.

आणि भाषेच्या प्रश्नावर आणखी एक उदाहरण: ‘ले ओर्मे’ या व्हेनेतो प्रांतातल्या बँडच्या १९७३ च्या ‘फेलोना ए सोरोना’ची इंग्रजी गीते पीटर हॅमिल या इंग्लिश गायक-गीतकाराने लिहिली. म्हणजे तेव्हा इंग्रजीत जाण्याची ही हौस एकट्या पीएफएमची नव्हती.


पडवी (धागाकर्ता)

@अनवट, गायनातली उणीव मान्य. पण मला ती कधी कधी गुणच वाटते. ‘इम्प्रेस्सिओनी’ दी जाकोमोने गायले असते, तर ते एका मोठ्या गायकाचे गाणे झाले असते. मुस्सीदाचा आवाज साधा आहे, थोडा संकोची आहे, आणि धुक्यात वाट चुकलेला माणूस तसाच बोलणार.

इंग्रजीबद्दल. इटालियन शब्द बहुधा स्वरान्त असतात, त्यामुळे चाल शब्दाच्या शेवटी लांबवता येते. इंग्रजी शब्द व्यंजनावर आपटून थांबतो. सिनफील्डने भाषांतर केलेच नाही, त्याने त्याच चालींवर स्वतंत्र कविता लिहिल्या. ‘पेर उन अमीको’ म्हणजे ‘एका मित्रासाठी’, आणि इंग्रजीत त्याचे ‘फोटोज ऑफ घोस्ट्स’ झाले. यातून काही सुंदर ओळी निघाल्या हे खरे. पण परकी भाषा जपून उच्चारत गाणाऱ्या माणसाचा ताण प्रत्येक गाण्यात ऐकू येतो. त्या अल्बमवर ‘इल बांकेत्तो’ हे एकच गाणे इटालियनमध्ये राहू दिले आहे. ते सुरू होताच सगळा बँड सैलावल्यासारखा वाटतो. हा प्रयोग कुणीही घरी करून पाहावा.


पाचवी काळी

इंग्रजी रूपांच्या बाजूने एक साक्ष. ‘इम्प्रेस्सिओनी’चेही इंग्रजी रूप झाले होते, १९७४ च्या इंग्रजी अल्बमला ज्या गाण्याचे नाव दिले आहे ते हेच. २०१२ च्या सानरेमो या इटलीतल्या गीतमहोत्सवात ‘मार्लेने कुन्त्स’ या इटालियन बँडने ते अमेरिकन गायिका पॅटी स्मिथबरोबर सादर केले. इटालियन गायक फ्रांको बात्तियातोनेही २००२ मध्ये हे गाणे आपल्या अल्बममध्ये घेतले होते. पण पॅटी स्मिथने ते गायले तेव्हा सिनफील्डच्या शब्दांना पहिल्यांदाच ती भाषा जन्मतः बोलणारा गळा मिळाला, आणि ते शब्द वाटत होते तेवढे वाईट नव्हते असे मला आढळले. दोष शब्दांचा नव्हता, ते परक्या जिभेवर ठेवले गेले होते.


उंबरठा

मी या संगीताला पूर्णपणे नवीन आहे. घरात नाट्यगीते आणि भावगीते यांखेरीज फारसे काही ऐकले गेले नाही. कुठून सुरुवात करावी? आणि आजचे पीएफएम ऐकण्यासारखे आहे का?


नाव्हील्यो

@उंबरठा, तुम्हाला शब्दप्रधान गायकीची सवय असेल, तर दे आंद्रेबरोबरच्या मैफिलीचा पहिला खंड आधी घ्या. ‘बोक्का दी रोझा’ ऐका. गावात नवीन आलेल्या एका स्वच्छंद बाईविरुद्ध गावच्या बायका तक्रार करतात आणि शिपाई तिला आगगाडीत बसवून देतात, एवढीच गोष्ट आहे; पुढच्या स्टेशनावर मात्र तिच्या स्वागताला आधीपेक्षा जास्त गर्दी असते. भाषा कळली नाही तरी गोष्ट सांगण्याची लय कळते. त्यानंतर ‘स्तोरिया दी उन मिनुतो’कडे या. ‘जेट लॅग’ला हात लावायची घाई करू नका.

नंतरच्या काळाविषयी थोडक्यात: १९८० पासून दी चोच्चो ड्रम सोडून पुढे येऊन गाऊ लागला आणि गाणी आटोपशीर, साधी झाली. १९८७ नंतर दहा वर्षे बँड शांत होता. १९९७ मध्ये ‘उलिस्से’ घेऊन परतला. २०१० मध्ये त्यांनी ‘ला बुओना नोव्हेल्ला’ स्वतःच्या पद्धतीने पुन्हा ध्वनिमुद्रित केला. चाळीस वर्षांपूर्वी जिथे ते भाडोत्री वादक होते, तिथे या वेळी ते यजमान होते. दे आंद्रे १९९९ मध्येच गेला होता. २०१५ मध्ये मुस्सीदा बाहेर पडला. २०१७ आणि २०२१ चे अल्बम दी चोच्चो आणि जिवास यांनी नव्या वादकांसह केले आणि ते एकाच वेळी इटालियन व इंग्रजी अशा दोन रूपांत निघाले. जुनी खोड गेलेली नाही.

मुस्सीदाने १९८४ मध्ये मिलानमध्ये संगीताची एक शाळा काढली, ‘चेपीएम्मे’ म्हणतात तिला. व्यावसायिक वादक घडवणे हा तिचा उद्देश. आणि पगानीने त्याच वर्षी दे आंद्रेसाठी ‘क्रेउझा दे मा’ उभा केला. तो अल्बम सगळा जेनोआच्या बोलीत आहे, त्यात भूमध्य समुद्राकाठची वाद्ये आहेत आणि रॉकचा मागमूस नाही. इंग्रजीत जाण्याची धडपड जवळून पाहिलेल्या माणसाने शेवटी इटालियनही सोडून एका बंदराची बोली धरली.


तिरकस

‘बोक्का दी रोझा’ ऐकले. ‘आमीको फ्राजिले’च्या दोन्ही आवृत्त्याही लागोपाठ ऐकल्या. शिंप्याचा दाखला मागे घेतो. ‘विल्यम टेल’विषयीचे मत कायम आहे.


अनवट

एक बारीक दुरुस्ती. मूळ लेखात ‘लाइव्ह इन यूएसए’ हा अमेरिका दौऱ्यातील मैफिलींचा अल्बम असल्याचे म्हटले आहे. त्यातले न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधले ध्वनिमुद्रण अमेरिकेतले आहेच, पण उरलेला भाग १९७४ च्याच ऑगस्टमध्ये टोरोंटोत मुद्रित झाला आहे. म्हणजे नावात ‘यूएसए’ असलेल्या त्या अल्बमचा बराचसा भाग कॅनडात वाजवलेला आहे.


पडवी (धागाकर्ता)

दुरुस्ती मान्य. मूळ लेख आता संपादित करता येत नाही, म्हणून इथेच नोंदवतो. माझ्याजवळच्या इटालियन प्रतीवर पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘यूएसए’ आहे. मागची बाजू वाचायचे इतक्या वर्षांत सुचले नाही.